सीमावादात गुन्हा कसा मिळवावा
(बुलढाणा जिल्ह्यातल्या होतकरू विरोधी नेत्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शन)

पक्ष विरोधात आहे, जिल्हा परिषदेचं तिकीट दोनदा हुकलं आहे आणि अंगावर रास्ता रोकोचे किरकोळ गुन्हे सोडले तर चारचौघांत सांगण्यासारखं काही नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. आपल्या जिल्ह्यात गुन्हा मिळणं अवघड नाही. कापसाचा भाव, सोयाबीनचा पीकविमा, महावितरणचं कार्यालय, यांपैकी कशासमोरही बसा, दिवेलागणीपर्यंत ठाण्यात नाव लागतं. पण या गुन्ह्यांना मलकापूरच्या पलीकडे कोणी विचारत नाही. राज्यभर चालणारा, वीस-तीस वर्षांनीही भाषणात काढून दाखवता येणारा गुन्हा हवा असेल, तर तो सीमेवरचा घ्यावा. थोडा महाग पडतो, पण टिकतो.

सीमा कोणती घ्यावी

महाराष्ट्राला सीमा पुष्कळ आहेत, पण सगळ्याच कामाच्या नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या काही गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. तिथल्या माणसांकडे दोन्हीकडची रेशनकार्डं आहेत आणि दोन्हीकडच्या मतदारयाद्यांत नावं आहेत. दोन सरकारं आपणहून दारात येतात, तिथे चिडायचं कोणी आणि कोणावर? गुजरातच्या सीमेवर सुरगाण्याची गावं मध्यंतरी आम्हाला पलीकडे न्या म्हणाली. त्यांची समजूत काढली गेली. नवशिक्याने या भानगडीत पडू नये. आपली सीमा एकच: बेळगाव.

तिच्यासाठी थोडा अभ्यास लागतो, तो वाटेत गाडीत करता येतो. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला अमलात आली आणि बेळगाव, कारवार, बिदरचा मराठी मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पंच्याऐंशी वर्षांचे सेनापती बापट १९६६ मध्ये उपोषणाला बसले. त्याच साली केंद्राने महाजन आयोग नेमला. आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्या असं म्हटलं, बेळगाव मात्र तिकडेच ठेवलं. आपण अहवाल फेटाळला, त्यांनी डोक्यावर घेतला. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांचा आहे आणि तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. एवढे तीन आकडे पाठ करा: २६४, २४७, ८६५. ८६५ म्हणताना आवाज चढवायचा. गावांची नावं कोणी विचारत नाही. विचारलीच तर निपाणी आणि भालकी म्हणावं.

आपलं वऱ्हाडही एकेकाळी असंच वादात होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी ते स्वतःपाशी ठेवावं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, पुढे मध्य प्रांताला जोडलं, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आलं आणि १९६० ला महाराष्ट्रात. ते परत मिळावं म्हणून निजामाचे दिवाण सालारजंग १८७६ मध्ये थेट इंग्लंडला गेले होते. या सगळ्या उलाढालीत बुलढाण्याच्या माणसाला कोणी काही विचारलं नाही. सालारजंगांवर गुन्हा नोंदवल्याचंही ऐकिवात नाही, म्हणून ते आपल्या उपयोगाचे नाहीत.

मुहूर्त

हे आपल्याकडे सोपं आहे. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडवळला घटमांडणीचं भाकीत ऐकायला जा. घटातली ढेकळं पावसाची, धान्यं पिकांची, पण तुमची नजर विडा-सुपारीवर असू द्या; राजाची गादी तिथे कळते. पान हललेलं नसेल तर यंदा सत्ता येत नाही आणि सीमेवर जायला हरकत नाही. हललं असेल तर घरी थांबा, मंत्रिपद मिळण्याची शक्यता आहे, आणि मंत्र्यांनी सीमेवर जायचं नसतं.

ही चेष्टा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये चंद्रकांत पाटील आणि शंभूराज देसाई या दोन मंत्र्यांकडे सीमाप्रश्नाचं समन्वयाचं काम होतं. त्यांचा बेळगाव दौरा ठरला, पुढे ढकलला गेला आणि शेवटी झालाच नाही. त्याच महिन्यात खासदार धैर्यशील माने यांना बेळगावच्या प्रशासनाने जिल्ह्यात यायला बंदी केली. सत्तेतल्या माणसाला बंदी पुरते. ती दाखवून त्याला परत फिरता येतं. विरोधातल्या माणसाला बंदी मोडावी लागते. बंदी मोडल्याशिवाय गुन्हा नाही, आणि गुन्ह्याशिवाय तुमचा शेकडो किलोमीटरचा प्रवासखर्च निव्वळ पर्यटन ठरतो.

जावं कसं

मलकापूरला गाडी धरावी, मनमाड-दौंडवरून पुणं, पुढे मिरज. मिरजेपर्यंत सरळ कपड्यांत जायला हरकत नाही. त्यापुढे परंपरा वेषांतराची आहे.

या शाखेचे आद्य आचार्य छगन भुजबळ. साल १९८६, जून महिना. कर्नाटकात रामकृष्ण हेगड्यांचं सरकार, कन्नडसक्तीवरून सीमाभाग पेटलेला, नाक्यानाक्यावर पोलीस. भुजबळ तेव्हा शिवसेनेचे विधानसभेतले एकुलते एक आमदार. ते दाढी लावून, व्यापाऱ्याचा वेष करून बेळगावात शिरले, सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. ही गोष्ट ते आजही रंगवून सांगतात आणि श्रोते आजही ऐकतात. त्याच आंदोलनात शरद पवारही पोलिसांना चुकवून बेळगावात पोहोचले आणि पाठीवर लाठी खाऊन आले. पवार तेव्हा समाजवादी काँग्रेसचे, म्हणजे विरोधातले. लाठीचा उल्लेख त्यांच्या बोलण्यात अधूनमधून येतो.

वेषांतर आपल्या जिल्ह्यालाही नवं नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये शेतकरी नेते रविकांत तुपकर कापूस-सोयाबीन आणि पीकविम्याच्या मागणीसाठी बुलढाण्यात पोलिसांच्या वेषात प्रकटले आणि अंगावर पेट्रोल ओतून घेतलं. लाठीमार झाला आणि त्यांना साथीदारांसह अकोल्याच्या तुरुंगात पाठवण्यात आलं. वेष चांगला होता, हिंमतही होती. पण विषय पडला सोयाबीनचा.

नवशिक्यांना एक सूचना. आता दाढी लावून उपयोग नाही. मोबाइलचं लोकेशन दाढीच्या आधी पोहोचतं, आणि तुमचेच कार्यकर्ते कोल्हापूर सोडताना फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू करतात. त्यामुळे आता सीमेवरच अडवलं जाणं हाच प्रघात आहे. कागलच्या पुढे, कोगनोळी नाक्यावर. अडवलं की तिथेच बसा. कॅमेरा दक्षिणेकडे तोंड करून ठेवा, म्हणजे मागे कर्नाटकाची पाटी येते.

भाषण

भाषणाला श्रोते मराठी हवेत, जागा कर्नाटकात हवी आणि वाक्यं छोटी हवीत, कारण त्यांचं कन्नड भाषांतर फिर्यादीला जोडलं जातं. लांब वाक्य असेल तर भाषांतर करणारा कंटाळतो आणि तुमचा मुद्दा निसटतो.

या प्रकरणाचा आदर्श वस्तुपाठ शिवसेनेच्या संजय राऊतांचा. ३० मार्च २०१८ ला बेळगावात त्यांचं भाषण झालं. ते प्रक्षोभक होतं म्हणून गुन्हा नोंदवला गेला. त्यानंतर काय झालं? काही नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, कोरोना येऊन गेला. नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी बेळगावच्या न्यायालयाचं समन्स आलं: १ डिसेंबरला हजर व्हा. राऊत तेव्हा पत्राचाळ प्रकरणात शंभर दिवस कोठडीत काढून नुकतेच जामिनावर बाहेर आले होते. आपल्याला तिथे बोलावून हल्ला करण्याचा किंवा अटक करण्याचा हा डाव आहे, असं ते म्हणाले.

विद्यार्थ्यांनी यातल्या तारखा नीट पाहाव्यात. भाषण केलं तेव्हा राऊतांचा पक्ष महाराष्ट्रात सत्तेत होता, भाजपबरोबर. मध्ये तो काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सत्तेत आला. समन्स आलं तेव्हा पक्ष फुटून ते विरोधात बसले होते. एका भाषणाने तीन राजकीय ऋतू पाहिले. गुन्हा नोंदवतेवेळी तुम्ही विरोधी असणं आवश्यक नाही. समन्स येईपर्यंत तुम्ही आपोआप विरोधात जाता. आणि समन्सला नाक असतं. दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री एकमेकांवर बोलायला लागले, जतच्या गावांवर कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी हक्क सांगितला, पाण्याचा प्रश्न निघाला, की साडेचार वर्षांपूर्वीचा कागद नेमका त्याच आठवड्यात कपाटातून बाहेर येतो. न्यायालयाच्या कामकाजावर मला काही म्हणायचं नाही. पंचांगावर म्हणतो आहे.

राऊतांनी त्या समन्सनंतरही हात आखडला नाही. २१ डिसेंबरला ते म्हणाले, चीन जसा घुसला तसे आम्ही कर्नाटकात घुसू, परवानगी लागत नाही. बोम्मईंनी त्यांना देशद्रोही म्हटलं. वाक्याची लांबी पाहा आणि परिणाम पाहा. आपल्याकडचा कार्यकर्ता असता तर त्याने आधी सत्काराला उत्तर दिलं असतं, मग उपस्थितांची नावं घेतली असती आणि तोवर पोलीस जेवायला गेले असते.

कलमं, थोडक्यात

जमावबंदी मोडल्याच्या गुन्ह्याला जुन्या दंडसंहितेत कलम १८८ होतं, भारतीय न्याय संहितेत ते २२३ झालं. जुना दंड दोनशे ते हजार रुपये. हा घेऊ नका, पदरात काही पडत नाही. गटागटांत शत्रुत्व वाढवण्याचं जुनं १५३-अ, आताचं १९६, हे खरं नाणं. दखलपात्र, अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. यात खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते. गुन्हा बेळगावात घडला असेल तर ही परवानगी मुंबई नव्हे, बेंगळुरू देणार. म्हणजे ती मिळण्याची काळजी नको.

आता इथे नीट ऐका, कारण बहुतेक मार्गदर्शक हे सांगत नाहीत. गुन्हा चांगला, दोषसिद्धी वाईट. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ असं आहे की १५३-अ मध्ये दोषी ठरलात तर नुसता दंड झाला तरी सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. दोन वर्षांच्या शिक्षेची मर्यादा इतर गुन्ह्यांसाठी आहे, इथे नाही. तेव्हा खटला चालू राहिला पाहिजे, संपता कामा नये. सुदैवाने यात तुम्हाला फार कष्ट पडत नाहीत.

गुन्हा मागे घेण्याच्या भरवशावरही राहू नका. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय महाराष्ट्र सरकार वेळोवेळी काढतं, पण ते आपल्या हद्दीतल्या खटल्यांना लागू. बेळगावचा खटला बेंगळुरूच मागे घेऊ शकतं आणि तिथे तुमचा पक्ष नसतो. शिवाय ऑगस्ट २०२१ पासून आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाहीत. म्हणजे आमदार होईस्तोवर खटला मागे घेता येईल, झाल्यावर अवघड. क्रम लक्षात ठेवा.

उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात हे सगळं लिहावं लागतं आणि प्रलंबित गुन्हे वर्तमानपत्रात तीनदा छापून प्रसिद्ध करावे लागतात. निवडणूक आयोगाचा हेतू मतदाराने सावध व्हावं असा आहे. बेळगावचं कलम असेल तर तीच जाहिरात मोठ्या आकारात द्या आणि वर फोटो लावा.

तुरुंग

मिळाला तर घ्यावा, जास्त दिवस घेऊ नये. फेब्रुवारी १९६९ मध्ये उपपंतप्रधान मोरारजी देसाई मुंबईत आले, माहीमला शिवसैनिकांनी त्यांची गाडी अडवायचा प्रयत्न केला आणि मुंबई पेटली. बाळासाहेब ठाकरे, मनोहर जोशी आणि दत्ता साळवी येरवड्याला गेले. सीमाप्रश्नावर शिवसेनेची जी ठेव आहे ती तिथली आहे. एकनाथ शिंदे १९८६ च्या आंदोलनात बेल्लारीच्या तुरुंगात चाळीस दिवस होते, असं ते सभागृहात सांगतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात त्यांना या चाळीस दिवसांचा फार उपयोग झाला, कारण समोर विरोधक विचारत होते, तुम्ही सीमाभागासाठी काय केलं? २७ तारखेला ८६५ गावांचा ठराव एकमताने झाला. कर्नाटकाचा उलटा ठराव त्याआधी पाच दिवस होऊन गेला होता.

आता परतावा बघा. १९८६ ला बेळगावला गेलेले पवार दोन वर्षांत पुन्हा मुख्यमंत्री झाले. भुजबळ १९९९ ला उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले, म्हणजे पोलीसच हाताखाली आले. शिंदे २०२२ ला मुख्यमंत्री झाले. ज्येष्ठांच्या बाबतीत या योजनेने कधी निराश केलं नाही. एकही गाव हललं नाही, हा भाग वेगळा.

एक प्रश्न शिबिरात हमखास निघतो: बेळगावचे जे स्थानिक कार्यकर्ते आहेत, महाराष्ट्र एकीकरण समितीचे, त्यांचं काय? ते या अभ्यासक्रमात बसत नाहीत. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा करतं आणि समिती काळा दिवस पाळते. फेरी काढली की नावं ठाण्यात जातात. १७ जानेवारीला हुतात्मा दिन, १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर १९८६ च्या गोळीबारात गेलेल्यांना अभिवादन. कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरलं की समितीचा महामेळावा आणि त्याच्यावर बंदी. त्या माणसांच्या तारखा त्यांच्याच गावच्या कोर्टात पडतात. दुकान बंद ठेवून जावं लागतं. मुंबईचा नेता भाषण करून रात्रीच्या गाडीने निघतो, आणि मांडव घालणाऱ्यावर, खुर्च्या देणाऱ्यावर आणि परवानगीच्या अर्जावर सही करणाऱ्यावर कलम लागतं. या लोकांनी मंत्रिपद मागितलेलं नाही. मुलांना मराठी शाळा आणि सातबाऱ्यावर, दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर एवढंच ते मागतात. असल्या मागण्यांतून नेतृत्व उभं राहत नाही, म्हणून त्यांचं नाव कोणी घेत नाही.

स्थानिक पर्याय (पैसे नसणाऱ्यांसाठी)

बेळगावचा खर्च झेपत नसेल तर आपल्याच जिल्ह्यात एक सीमा आहे. जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा चढलात की भिंगारा, चाळीसटापरी, गोमाल १ आणि गोमाल २ ही आदिवासी गावं लागतात. पलीकडे मध्य प्रदेश. २०२२ च्या अखेरीस, नागपुरात आणि बेळगावात ८६५ गावांवरून ठरावांची धांदल चालू असताना, या गावांनी आम्हाला मध्य प्रदेशात जायचं आहे असं म्हटलं. कारणं: रस्ता नाही, वीज नाही, पाणी नाही, दवाखाना नाही. दोन राज्यांतल्या आदिवासी पाड्यांची ते तुलना करत होते आणि त्यांना पलीकडचं बरं दिसत होतं.

भाषेचा मुद्दा हवा असेल तर तोही आहे, आणि बेळगावपेक्षा भारी आहे. याच तालुक्यात डोंगराच्या पायथ्याच्या काही गावांत निहाली बोलणारी माणसं राहतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी निहालीचं नातं अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही. बोलणारे उरले दोन-अडीच हजार, त्यांतलेही काही सीमेपलीकडे, बुऱ्हाणपूरच्या बाजूला. गाव हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा हे चार निकष महाराष्ट्र बेळगावसाठी साठ वर्षं मांडतो आहे. ते इथे लावले तर काय होईल, यावर एकाही नेत्याने आजवर भाषण केलेलं नाही. करून पाहा. कलम १९६ लागत नाही, एवढं मात्र आधीच सांगून ठेवतो.

या सीमेची अडचणच ती आहे. इथे शत्रू मिळत नाही. मध्य प्रदेशाने या गावांवर हक्क सांगितलेला नाही, त्यांच्या मुख्यमंत्र्याने आपल्या कोणाला देशद्रोही म्हटलेलं नाही. ज्याच्यावर चिडायचं ते कार्यालय बुलढाण्यातच आहे, आणि तुमचा पक्ष सत्तेत होता तेव्हाही ते तिथेच होतं. भिंगाऱ्याच्या रस्त्यासाठी मोर्चा नेलात तर निवासी उपजिल्हाधिकारी निवेदन घेतील, चहा विचारतील, वन विभागाच्या परवानगीचं सांगतील. गुन्हा नाही, समन्स नाही, वाहिनीवाला नाही. गोमालच्या मतांवर जळगाव जामोदची विधानसभा फिरत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे.

तरी ज्यांना सराव करायचा असेल त्यांनी बेळगावच्या आधी एकदा ही सीमा पाहून यावी. जळगाव जामोदला एसटीने उतरा आणि पुढची चौकशी बसस्थानकावर करा. दाढी लावायची गरज नाही, वाटेत तुम्हाला कोणीही अडवणार नाही. वर गेल्यावर भाषण मात्र करू नका. लोक रस्त्याचं विचारतील.